परसदारापुढचा कोच

कोच घरात आला तेव्हा त्याला कसलाही वास नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढं जो वास सुटला तो आमच्या घरानं त्याला दिला, आणि त्याचा आळ आला कुत्र्यावर. अजूनही कुणाच्या घरी वास आला आणि कुणी कुत्र्या-मांजराकडे बोट दाखवलं, की माझं डोकं फिरतं.

मोठी लढाई संपून दोन-चार वर्षं झाली होती. लोणावळ्याच्या एका बंगल्यातला गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्यानं सामान विकायला काढलं. बंगल्याचा माळी नथू आमच्या वलवण गावचाच. त्यानं ती बातमी ह्यांच्या कानावर घातली. हे म्हणजे माझे मालक. लोक त्यांना भिमाजी म्हणतात, मी नाव घेत नाही. रेल्वेच्या शेडात इंजिनं पुसता पुसता ह्यांना साहेबासारखं टेकून बसायची हौस लागली होती. घरात पाहुणा आला तर शेजारून पितळी मागून आणावी लागायची, आणि एके दिवशी बैलगाडीत बसून आला लाल मखमलीचा कोच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसली गत झाली माझी.

आमचं माजघर ते केवढं. एका भिंतीला देव्हारा, दुसरीला भाताच्या कणग्या, तिसरीत ओसरीचं दार, चौथीत परसदार आणि कोपऱ्यात चूल. कोच देव्हाऱ्यापुढं ठेवता येईना, कणग्या हलवता येईनात. मग ह्यांनी परसदाराला आतून आडणा घातला आणि कोच त्या दाराला पाठ लावून ठेवून दिला. मी म्हटलं, पाणी कुठून टाकायचं, शेण कुठून आणायचं, मामंजींनी कुठून जायचं? हे म्हणाले, पुढच्या दारानं वळसा घालून जायचं, देवानं पाय दिलेत ना सगळ्यांना.

पाय दिले होते, पण मामंजींचे डोळे काढून घेतले होते, त्याचं काय? माझे सासरे कोंडाजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळायचं. त्यांचं अंथरूण कणग्यांशेजारी. तिथून उठलं की भिंतीला हात लावत ते सरळ परसदाराशी जायचे, कडी काढायचे आणि बाहेर. पुढं कोल्ह्या चालायचा. कोल्ह्या आमचा कुत्रा, तांबूस रंगाचा, टोकदार तोंडाचा, म्हणून ते नाव. त्याची शेपटी धोतराला लागली की मामंजी पाऊल टाकायचे, थांबली की थांबायचे. पुढच्या दाराला गुडघाभर उंबरा, त्याच्याखाली दगडी पायऱ्या, आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ. तिथून आंधळा माणूस वळसा घालणार म्हणजे हात-पाय मोडून घेणार. पण मुलाला नोकरी लागल्यापासून मामंजींनी बोलणंच कमी केलं होतं.

आणि त्या कोचावर बसायचं कुणी नाही, बरं का. मी नाही, मामंजी नाहीत. हेसुद्धा सणावारी बसायचे. धूळ बसू नये म्हणून माझं एक चांगलं लुगडं फाडून त्यावर पांघरूण घातलं होतं. माझ्या अंगावर ठिगळ आणि लाकडाच्या अंगावर माझं लुगडं.

आषाढात एका सकाळी ह्यांनी ते पांघरूण उचललं आणि ओरडले. कोचाच्या बैठकीवर, पुढच्या काठाला, पसरट ओला डाग होता आणि खाली भुईवर ओघळ आला होता. ह्यांनी विचारलं नाही, बघितलं नाही. सरळ पायातली वहाण काढली आणि कोल्ह्याला ओसरीपर्यंत बडवत नेलं. तो बिचारा केकाटतसुद्धा नव्हता. आपलं काय चुकलं हे त्याला समजलं नसावं.

मग पुसायला मी. ओल्या डागावर पाणी ओतायचं नसतं, हे ज्या बाईनं तान्ह्या लेकरांच्या गोधड्या काढल्या आहेत तिला सांगावं लागत नाही. पाण्यानं डाग खाली उतरतो. मी चुलीतली चाळलेली राख पसरली, ती ओल पिऊन काळी झाली की झटकली, पुन्हा पसरली. मग रिठ्याच्या पाण्यात फडकं पिळून वरच्या वर टिपलं. भुईचं काम वेगळं. शेणानं सारवलेल्या जमिनीत ओल मुरली की वरून कितीही सारवा, हवा दमट झाली की वास पुन्हा वर येतो. ती माती खुरप्यानं खरवडून बाहेर टाकायची, नवा मुरूम भरायचा, चोपण्यानं चोपून घट्ट करायचा, आणि मग सारवायचं. हे सगळं मी ओणवी होऊन करत होते आणि हे उपरणं नाकाला लावून उभे, "हितं राहिलंय, तितं राहिलंय" म्हणून बोटानं दाखवत होते. ते बोट मोडून टाकावं असं वाटत होतं मला.

काम करता करता मी म्हटलं, मला हे कुत्र्याचं वाटत नाही. कुत्रा तंगडी वर करतो तो कोपऱ्याला, खांबाला. बैठकीवर चढून असा पसारा तो करायचा नाही.

ह्यांनी नाकावरचं उपरणं काढलं आणि म्हणाले, "मग कुणाचं? ज्यानं केलं त्याला गोठ्यात बांधीन. मग तो कुणी का असंना."

गोठ्याला एका बाजूनं भिंत नव्हती. पाऊस सरळ आत यायचा, आणि दर पावसाळ्यात वाघरू गावाच्या कडेला फिरून जायचं. मामंजी कणगीला टेकून बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

ऊन असतं तर कोच वाळला असता. पण आषाढात लोणावळ्याला ऊन कुठलं? धुकं दारातून आत शिरतं आणि अंथरुणापर्यंत येतं. मी शेगडी पेटवून कोचाजवळ ठेवली तर ह्यांना मखमल जळायची भीती. आत काथ्या भरलेला, त्यानं ओल धरून ठेवली. ती वाळायच्या आत पुन्हा डाग पडला, आणि कोल्ह्यानं पुन्हा मार खाल्ला.

खरं काय ते मला एका दुपारी कळलं. हे शेडात गेले होते. मी चुलीपाशी तांदूळ निवडत होते. मामंजी झोपेतून उठले, भिंतीला हात लावला आणि चालू लागले, नेहमीसारखे. कोल्ह्या पुढं होता. कोचापाशी तो थांबला आणि पायांनी कोचाची पाठ खरवडायला लागला. ती पाठ फाटली होती आणि त्याच्यावरूनही त्याला शिव्या बसायच्या. कुणाच्या डोक्यात आलं नाही की त्याला कोच फाडायचा नव्हता, दार उघडून पाहिजे होतं. मामंजींचा हात कोचाच्या पाठीवरून वर सरकला, कडी शोधत. दोनदा शोधली. गुडघे बैठकीला टेकले होते. आणि मग त्यांना आवरलं नाही.

मी जागची हलले नाही. सुनेनं ते बघायचं नसतं. पण तांदळाचं सूप माझ्या हातातून खाली आलं, आणि त्यांना आवाज कळला.

"शालू, दार कुटं गेलं गं?" ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "कोच हाय तितं. डोक्याला ठावं हाय माज्या. पर पायास्नी ठावं न्हाई."

मला रडू आलं नाही. मला राग आला, असा राग की कानात घूं घूं व्हायला लागलं. ज्या माणसानं आयुष्यभर एका दारानं ये-जा केली, त्याच्या दारात बसायला लाकडाचा सांगाडा आणून ठेवायचा, आणि वर नाकाला उपरणं लावायचं!

मी त्यांना कोरडं धोतर दिलं. तोंड भिंतीकडे करून ते म्हणाले, "भिमाला सांगू नगंस. गोठ्यात न्हाई जायाचं मला. ह्या घराची भुई मी चोपलीया, पोरी. चोपणं बी माज्या हातचं हाय."

मी शब्द दिला. त्यानंतर मी त्यांना ओसरीपर्यंत हाताला धरून न्यायला लागले, पण मी शेतावर असले, पाण्याला गेले असले, की त्यांचे पाय तिकडेच जायचे. मी आल्याबरोबर राख पसरायची, फडक्यानं टिपायचं, खुरपं घ्यायचं. वासावर धूप घातला, कडुलिंबाचा पाला जाळला. वास वाढतच गेला.

मग आल्या आत्याबाई. ह्यांची सख्खी आत्या मुक्ताबाई, दोन घरं सोडून राहायच्या. माजघरात पाऊल टाकलं आणि पदर नाकाला. कुत्र्यानं घर बाटवलं म्हणाल्या. त्यांच्याजवळ सगळ्या विटाळावर एकच औषध, गोमूत्र. सुवेर, सुतक, कावळा शिवला, काहीही असो. गोठ्यातून ताजं धरून आणलं. मी म्हटलं, आत्याबाई, भुईवर चार थेंब शिंपडा, कोचावर नको, आधीच ओलीनं त्याचं मातेरं झालंय. पण ह्यांनी मान डोलावली आणि आत्याबाईंना जोर चढला. शिंपडलं नाही, तांब्या उपडा केला. वर हळदीकुंकू वाहिलं. मखमलीनं सगळं पिऊन टाकलं. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. वास काढायला म्हणून दुसरं मूत आणून ओततात, आणि ह्याला शहाणपण म्हणतात!

आणि तेव्हाच ते झालं. कोल्ह्या आत आला, कोचाजवळ गेला, हुंगलं. दुसऱ्या जनावराचा वास आला की त्याच्यावर आपली खूण करायची, हा कुत्र्याचा धर्मच आहे. ह्यांच्या डोळ्यांदेखत, आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत, त्यानं कोचाच्या पायाला तंगडी वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशानं आपण होऊन फासात मान घातली.

ह्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. येत्या रविवारी शेडातले मोठे मिस्त्री दत्तोबा चहाला यायचे होते. त्यांच्या शब्दावर ह्यांची बढती होती आणि कोचाचा खरा थाट त्यांच्यासाठीच मांडलेला होता. ते यायच्या आत नथूनं कुत्र्याला दाव्यानं न्यायचं आणि खाली घाटात झाडाला बांधून यायचं. बांधून यायचं कशाला, हे मावळात पोरालासुद्धा कळतं. वाघराला कुत्र्यासारखं दुसरं खाणं आवडत नाही.

मामंजी म्हणाले, "भिमा, नगं रं धाडू त्याला." एवढंच म्हणाले. हे म्हणाले, तुम्हाला दुसरं पिल्लू आणून देतो. मी म्हटलं, कोच हलवा, दार उघडा, वारा येऊ द्या, वास जाईल. हे म्हणाले, कोच हलायचा नाही.

हे ओसरीवर गेल्यावर मी मामंजींजवळ जाऊन बसले आणि हळू आवाजात, पण दात चावून, त्यांच्यावरही चिडले. सून असून चिडले. म्हटलं, मुकं जनावर तुमचं पाप घेऊन मरायला चाललंय. तुम्ही बोला, नाहीतर मी दिलेला शब्द मोडते. ते कोल्ह्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कुत्रा शेपटी हलवत होता, त्याला काय.

रविवारी नथूनं उशीर केला आणि दत्तोबा लवकर आले. दोघं एकदमच दारात. एकाच्या अंगावर इस्त्रीचा कोट आणि दुसऱ्याच्या हातात दावं. ह्यांची धांदल उडाली. दत्तोबांना आत आणलं, पांघरूण ओढून काढलं आणि कोचावर बसवलं. मी चुलीपाशी चहा टाकला होता. दत्तोबा टेकले, आणि त्यांचं नाक हललं. त्यांनी उगीच पागोटं सारखं केलं. मोठा माणूस, नुसतं बूड उचलून जरा कडेला सरकला. कोच अजून ओलाच होता.

ह्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि कोल्ह्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, ह्या कुत्र्यानं सगळा कोच नासवला, म्हणून आजच त्याला घाटात धाडतोय. आणि नथूला खूण केली.

नथूनं दाव्याचा फास कोल्ह्याच्या गळ्यात घातला. कुत्र्यानं पाय रोवले. मामंजींच्या अंथरुणाकडे बघत एकदाच कण्हल्यासारखा आवाज केला. मी ह्यांच्याकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं आणि चहाचं भांडं खाली ठेवलं. शब्द माझ्या ओठांवर आला होता.

पण मामंजी उठले. भिंतीला हात लावला आणि चालू लागले. आज पुढं शेपटी नव्हती, तरी पाय बरोबर गेले. कोचापाशी आले, हात पुढं केला, तो दत्तोबांच्या खांद्यावर पडला. त्यांनी तो खांदा चाचपला.

"बाबा, तुमी कोण असाल ते असा," मामंजी म्हणाले. "जरा सरका. तुमच्या मागं माजं दार हाय."

हे धावले. बापाचा दंड धरला, म्हणाले, आबा, तुम्ही जागेवर बसा, पाहुणे आहेत. मामंजींनी दंड सोडवून घेतला. एवढा जोर त्यांच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"कुत्र्याला सोड, नथू," ते म्हणाले. "कोचावर म्या केलंय. दरयेळी म्याच. दाराकडं जातुया आन दार घावत न्हाई. भिमा, गोठ्यात मला बांध. त्याला न्हाई."

दत्तोबा उठून उभे राहिले. त्यांच्या कोटाला मागं ओला डाग पडला होता आणि त्यात आत्याबाईंची हळद होती. ते ह्यांच्याकडे बघत म्हणाले, "भिमाजी, दार उघड आधी." हे हलले नाहीत. चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटतं, त्या घटकेलासुद्धा बापाचा नाही, कोटावरच्या डागाचा विचार त्यांच्या डोक्यात चालला होता. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू?

मी पदर खोचला आणि कोचाचं एक टोक धरलं. नथूनं दावं टाकून दुसरं धरलं. आम्ही तो ओढत ओसरीवर नेला आणि तिथंच सोडला, पागोळ्यांच्या खाली. पाऊस पडत होता. परत येऊन मी आडणा काढला, कडी काढली. दार ओलीनं फुगून बसलं होतं, खांद्यानं रेटावं लागलं. बाहेरची हवा आत आली. कोल्ह्या गळ्यातला फास तसाच घेऊन पुढं आला आणि उंबऱ्याशी थांबला. त्याची शेपटी धोतराला लागली, तसे मामंजी त्याच्यामागून बाहेर गेले.

दत्तोबा पुढच्या दारानं गेले. चहा न घेताच गेले. कोच ओसरीवर भिजला, कुजला, आणि पुढं कोंबड्या त्याच्यात अंडी घालायला लागल्या. पण ते पुढचं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर हे माजघरात उभे होते. कोच होता तिथली भुई काळपट, ओली, खड्डा पडलेली. ह्यांनी सवयीनं उपरणं नाकाकडे नेलं आणि मला म्हणाले, हे जरा काढून घे. त्यांना अजूनही वाटत होतं की मीच काढीन.

मी खुरपं आणलं. कोपऱ्यातून मामंजींच्या हातचं चोपणं आणलं. दोन्ही ह्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "तुमच्या बापाचा वास हाय. तुमीच काडा."

मला वाटलं, हात उगारतील. मी तयारीनं उभी होते. पण परसदारातून मामंजी आत येत होते, कोल्ह्यामागून, भिंतीला हात लावत, आणि डोळ्यांना काही दिसत नसलं तरी मुलाकडे तोंड करून ते उंबऱ्यावर थांबले. हे खाली बसले. खुरप्यानं माती खरवडायला लागले, वेडीवाकडी, कधी न केलेल्या माणसासारखी. मुरूम भरला. मी शिकवलं नाही. मामंजी तिथूनच आवाजावरून सांगत होते, हितं पोकळ वाजतंय, आणखी चोप.

चोपण्याला दोन्ही हात लागतात. उपरणं गळ्यातून सरकून त्या मातीत पडलं होतं, आणि नाक धरायला ह्यांना हात उरला नव्हता.